दुखण्याचं नाव

माझा भाऊ उखा आजारी होता आणि आमची सगळी मंडळी तो बरा आहे म्हणत होती. भांडण झालं ते एवढ्यावरूनच.

मी भिकुबाई, आमच्या ख्रिस्ती मंडळीची बायबलबाई. खापर गावाच्या आसपासच्या पाड्यांवर चालत जायचं, बायांना शास्त्र वाचून दाखवायचं, बाळंतिणीजवळ बसायचं, मयताच्या घरी रडायचं, हे माझं काम. नवरा लवकर गेला म्हणून माझी जीभ तिखट झाली, असं लोक म्हणतात. ती आधीपासूनच तशी होती.

आमच्या देवळात एक रीत होती. रविवारी प्रार्थनेआधी ज्याला दुःख असेल त्याने उभं राहून ते सगळ्यांसमोर सांगायचं. बैल बसला, सून रुसली, पोट दुखतं, काहीही. मग शेजारच्याने खांद्यावर हात ठेवायचा आणि सगळ्यांनी मिळून त्याच्यासाठी देवाकडे मागायचं. ही रीत अशीतशी रुजली नाही. आमच्या जुन्या माणसांत दुखण्याचं नाव घेत नसत. नाव घेतलं की ते घर विचारत येतं, ही भीती. माझ्या आईने पहिल्यांदा उभं राहून "माले गाठ शे" म्हटलं तेव्हा तिने आधी पदर तोंडावर ओढला होता, ते मी पाहिलंय.

उखानेही असंच सांगितलं होतं, खोकल्यातून रक्त पडतं म्हणून. त्याच दुपारी मंडळीचे वडील, म्हणजे पंच, इंद्रसिंग यांनी आपली गाडी जुंपून त्याला मिशनच्या दवाखान्यात नेलं. क्षय निघाला. सुया सुरू झाल्या, अंगावर मांस चढू लागलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, कितीही बरं वाटलं तरी सुया सोडायच्या नाहीत.

आणि बासष्ट सालच्या होळीनंतर सुरतेकडून चुनीलालभाऊ उपदेश करायला आले. पांढराशुभ्र सदरा, गोड गळा, बरोबर बायको जसोदाबाई. येऊन राहिलेच. त्यांचं म्हणणं असं, की तोंडाने बोलाल ते घडेल. आजारी म्हणाल तर आजारी पडाल, गरीब म्हणाल तर गरीब राहाल. देव राजा, मग राजाच्या लेकरांनी फाटकं का नेसावं? इंद्रसिंगच्या विहिरीवर नवं इंजिन बसलं, तेही असं बोलल्यामुळेच, असं भाऊंनी भर देवळात सांगितलं. आता इंजिन त्याच साली गुलाबसिंगच्या विहिरीवरही बसलं होतं, आणि तो तर मोहाची पिऊन आम्हा ख्रिस्ती लोकांना शिव्या घालायचा. मी हे बोलून दाखवलं तेव्हा कोणी हसलं नाही. तेव्हा मला धसका बसला.

खरी मेख अशी होती, की लोकांना ही शिकवण परकी वाटलीच नाही. दुखण्याचं नाव घेऊ नका, हे त्यांच्या आज्यांनीही सांगितलं होतं. जुनी भीती मागच्या दाराने आत आली आणि आम्ही तिला विश्वास म्हणू लागलो. रविवारी दुःख सांगणं बंद झालं. उभं राहून 'मी बरा, मी सुखी' एवढंच म्हणायचं. दुसऱ्याला कसा आहेस विचारणंसुद्धा अविश्वास ठरलं, म्हणून उखाच्या दाराशी कोणी फिरकेना. उखाने सुया सोडल्या.

मी गेले तर माझी भावजय कौसाबाई दारातच आडवी उभी.

"त्या बरा शेतस," ती नवऱ्याबद्दल म्हणाली.

आतून गोधडीत तोंड दाबून खोकल्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, "मग हाई कोन खोकली ऱ्हायनं?"

"असं बोलू नका, आक्का. तुम्हना बोलामुये वाढी."

तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. मला तिचा राग येईना. रात्रभर खोकला ऐकायचा आणि सकाळी तो ऐकलाच नाही म्हणायचं, कोणती बाई टिकेल?

मी चुनीलालभाऊंना चहाला बोलावलं. भांडायलाच बोलावलं. जसोदाबाईंनी ओट्यावर शेजारणीचं तान्हं मांडीवर घेतलं आणि त्याचे तळवे कुरवाळत बसल्या. मी विचारलं, "तुम्हाला मूलबाळ?" त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात भाऊच म्हणाले, "एक मुलगी आहे. आनंदात आहे." जसोदाबाईंनी तान्हं खाली ठेवलं.

"भाऊ, ही शिकवण तुम्ही आणलीत कुठून?" मी विचारलं.

ते खूश झाले. म्हणाले, मुंबईत एका अमेरिकन साहेबाकडून शिकलो. साहेब कुणाकडून शिकला? तर त्याच्या गुरूकडून. तो गुरू तरुणपणी एका शाळेत गेला होता. तिथे शिकवायचे, की सगळं मनाचंच असतं, दुखणं म्हणजे चुकीचा विचार, विचार बदलला की दुखणं उरत नाही.

"त्या शाळेत प्रभूचं नाव होतं का?"

"ते गुरूंनी नंतर जोडलं," भाऊ सहज म्हणाले.

"म्हणजे दुखणं खोटंच?"

"विश्वास धरणाऱ्याला खोटंच, भिकुबेन."

"मग वधस्तंभावर दुखत होतं ते कुणाचं?"

ते हसले. तुमचं मन कडू झालंय म्हणाले आणि चहा अर्धा ठेवून उठले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. प्रभूचं दुखणं खोटं ठरवून आम्हाला बरं करणार होते! त्याच बैठकीला मी ठरवलं. रविवारी उभी राहीन. कामावरून काढतील तर काढोत, पण माझा भाऊ 'बरा आहे' म्हणत म्हणत मेलेला मी बघणार नाही.

रविवारी भाऊंनी उखालाच पुढे बोलावलं. "उखाभाऊ, मंडळीला सांगा, मी बरा आहे."

उखा उठायच्या आत मी उठले. "मन्हा भाऊ आजारी शे," मी म्हटलं.

इंद्रसिंग म्हणाले, "भिकुबाई, खाले बसा."

"नही बसाव. प्रभू मित्रना थडगापान रडना. मित्र परत जित्ता व्हई, हाई त्याले ठाऊक व्हतं, तरी रडना. त्याना विश्वास कमी व्हता का?"

मग मागून उखा भिंतीला धरून उभा राहिला. "आक्का, तू बस. मी सांगस." दम घेऊन म्हणाला, "मी बरा नही शे. माले रगत पडस. माले भ्याव वाटस."

त्याच्या खांद्यावर कोणाचा हात पडेना. मी त्याच्याकडे निघणार तोच कौसाबाई बायांच्या बाजूने सरळ चालत गेली आणि तिने हात ठेवला. पाठोपाठ उखाचा शेजारी दिवाल्या उठला. म्हातारी पार्वतीबाई उठली, रडतच.

आणि पहिल्या रांगेतून जसोदाबाई उभ्या राहिल्या. नवऱ्याकडे पाठ केली, आमच्याकडे तोंड. "माझी मुलगी तापात गेली," त्या म्हणाल्या. "औषध दिलं नव्हतं. ती देवाजवळ आहे हे मलाही ठाऊक आहे. पण मला रडायचंय. मला कोणी रडू दिलं नाही."

"जसोदा," भाऊ म्हणाले. त्यांनी सदऱ्याच्या बाहीत तोंड लपवलं. तेही बाप होते, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बायांनी जसोदाबाईंना मधे घेतलं आणि मग देवळात जे रडणं झालं ते झालं. मीही रडले.

इंद्रसिंग उठून बाहेर गेले. रागावून गेले असं वाटलं. बाहेर येऊन पाहते तर बैल जुंपत होते.

गाडीत पेंढा टाकून उखाला निजवलं. कौसाबाई त्याच्या पायांशी, मी उशाशी. गाव मागे पडल्यावर त्याने विचारलं, "आक्का, मी जगसू का?"

हो म्हणायला माझी जीभ शिवशिवली. म्हटलं की होईल, असं त्या घडीला मलाही वाटलंच.

"ठाऊक नही, उखा," मी म्हटलं. "पन तू एकला नही शे."

त्याने डोकं माझ्या मांडीवर टेकलं आणि कितीतरी दिवसांनी, तोंड न दाबता, मोकळेपणी खोकला.