उकंडरावांचे बारा गिरीक

"आता जे सांगतो ते तुमच्यातल्या एकाला बी पटणार न्हाई," उकंडराव म्हणाले आणि मांडी बदलून बसले. "न्हाई पटलं तर उठून जावा. पण गिरीक लोकांना काकडी खायला म्या शिकवलं. ह्याच आंगणात."

कुणी उठलं नाही. उकंडरावांच्या जिवात जीव आला.

गेला महिनाभर संध्याकाळी त्यांच्याकडं कुत्रंही फिरकत नव्हतं. समोरच्या ग्यानोबाच्या सुनेनं, मंजुषानं, मोबाइलवर बघून ग्रीक जेवण काढलं होतं. मे महिन्याचा पारा चव्वेचाळीसवर, चुलीपुढं बसवत नाही. तिनं गार चक्क्यात काकडी किसून घातली, लसूण ठेचून घातला, वरून जैतुनाचं तेल सोडलं आणि त्याला त्झात्झिकी म्हणाली. टमाटे, कांदे, पनीर जाडजाड चिरून एकत्र केलं, ते ग्रीक सॅलड. दर शनिवारी कुणाच्या तरी अंगणात जमायचं, ज्यानं त्यानं एकेक जिन्नस आणायचा आणि वाटून खायचं. घरची कोशिंबीर पानाच्या कडेला सारणारी हीच माणसं आता वाटी पोळीनं पुसून खात होती. जैतुनाचं तेल कालपर्यंत फक्त बाळंतिणीच्या घरी, लेकराला चोळायला यायचं. ग्यानोबा ते आता भाकरीवर घेऊन "ह्यानं काळीज जवान राहतं" असं सांगत फिरत होता. रोज संध्याकाळी त्याच्या अंगणात पन्नास माणूस. उकंडरावांपुढं एक बायको सुमनबाई आणि एक म्हैस, आणि दोघींनी त्यांच्या सगळ्या गोष्टी ऐकलेल्या.

म्हणून ह्या शनिवारची पंगत त्यांनी आपल्या अंगणात ओढून आणली होती. आज ही माणसं हातची गेली, तर पुन्हा यायची नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"धरण नवं नवं व्हतं," त्यांनी सुरुवात केली. "सिद्धेश्वर धरणाला पाणी काठोकाठ. पाहातो तं भिंतीला जहाज टेकलेलं!"

"जहाज? पूर्णा नदीत?" ग्यानोबा म्हणाला. "कुठून आलं रे उकंडा, वारंगा फाट्याहून का?"

"समुद्रातून गोदावरीत शिरलं, गोदावरीतून पूर्णेत. धरण आडवं आलं म्हणून थांबलं, न्हाई तं बुलढाण्याला गेलं असतं. त्यात बारा गिरीक. एकेकाच्या मिशा अशा, की लुगडं वाळत घालावं. उन्हानं जिभा बाहेर. जहाजाचं डांबर वितळून राहिलं. विचारा हिला!"

ह्या गोष्टींचा खांब म्हणजे सुमनबाई. बिबट्या बैलगाडीत बसून बाजाराला आला, विचारा हिला. गार पडली ती दिवाळीपर्यंत वितळली नाही, विचारा हिला. आणि सुमनबाई हातातलं निवडण न थांबवता म्हणत, "व्हय, बराबर हाय." पन्नास सालांत त्यांची मान कधी आडवी हलली नव्हती.

"व्हय," सुमनबाई आताही म्हणाल्या. "बराबर हाय."

लोक सरकून जवळ बसले. उकंडरावांना चेव चढला.

"नदीच्या वाळूतली एक काकडी आणली. शेंडा माझ्या खांद्यावर, बुडखा अजून वेलाला! ती किसून धरणाच्या काठावर पिळली, तं पाणी बोटभर चढलं. मोजणीचा माणूस पट्टी घेऊन पळत आला, म्हणे ढग फुटला कुठं? म्या म्हणलो, ढग न्हाई दादा, कोशिंबीर करून राहिलो!"

ग्यानोबासुद्धा हसला. ते हसू उकंडरावांनी हिशेबात धरलं.

"सात दिस ह्याच आंगणात खाल्लं, आठव्या दिशी कागद घेऊन बसले लिवायला. दही लिवलं, काकडी लिवली, लसूण लिवला. मिरचीपाशी आले आणि डोळ्यातलं पाणी टपकन कागदावर! शाई फिसकटली. म्हणून आजवर त्यांच्या जेवणात तिखट न्हाई. सूनबाई, तुझ्या मोबाइलात जे येतं ना, ते इथूनच गेलंय."

"अन् रांधलं कुणी आबा?" मंजुषानं विचारलं.

इथं उकंडरावांना थांबता आलं असतं. पण पन्नास माणसं त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

"म्या! एकट्यानं! ही तवा माहेरी व्हती."

सुमनबाईंचा निवडता हात थांबला. उकंडरावांना ते दिसलं नाही.

"मग आज तुमच्याच हातची होऊ द्या!" मंजुषानं परात त्यांच्यापुढं सरकवली. परातीत सुमनबाईंनी कालपासून धोतराच्या फडक्यात टांगून काढलेला चक्का होता, पाच लिटर दुधाचा, लोण्यासारखा. काकडीही त्यांनीच किसून पिळून ठेवली होती. उकंडरावांनी बाह्या सारल्या, दोन्ही हातांनी सगळं कालवलं आणि कोपरापर्यंत गिरीक झाले.

"मीठ राह्यलं आबा," मंजुषा म्हणाली.

"आणतो की! माझ्याच घरात मले काय तकलीफ?"

स्वयंपाकघरात फळीवर डबे ओळीनं उभे होते, एकसारखे, पितळेचे. उकंडरावांनी पहिला उघडला, मेथ्या. दुसरा उघडला, साबुदाणा. बाहेर लोक वाट बघत होते. तिसऱ्यात पांढरं, बारीक, मिठासारखं काही दिसलं. मूठभर घेऊन ते रुबाबात बाहेर आले आणि तसंच परातीत सोडलं.

पापडाचे दिवस होते. डबा पापडखाराचा होता.

चक्का आधी फुसफुसला, मग फुगला. फेस परातीच्या काठावर आला, काठ ओलांडला आणि ग्यानोबाच्या धोतराकडं निघाला. ग्यानोबा पाय उचलून बसला. मंजुषानं पदर नाकाला लावला.

उकंडरावांनी फेसाकडं पाहिलं. मग त्यांनी टाळी वाजवली.

"बघा! हेच! अगदी हेच झालं व्हतं तवा! अस्सल गिरीक असंल तरच फेसाळतं. तुमच्या मोबाइलवाल्याचं फेसाळलं व्हतं का कधी? विचारा, विचारा हिला!"

पन्नास माना सुमनबाईंकडं वळल्या. त्या सूप बाजूला ठेवून उठल्या, परातीजवळ आल्या, बोटभर चक्का चाखला आणि थुंकल्या.

"जहाज आलं व्हतं," त्या म्हणाल्या. "खरं हाय. गिरीक बी आले व्हते. बारा न्हाई, तेरा. एक आजारी व्हता, जहाजातच निजला व्हता. मिशा बी तेवढ्याच. काकडीनं धरण चढलं, तेबी म्या ह्या डोळ्यांनी पाह्यलं."

उकंडरावांची छाती फुगली.

"पण मी माहेरी गेले व्हते, हे झूट!" सुमनबाईंचा आवाज समोरच्या गल्लीपर्यंत गेला. "तेरा माणसांचं म्या एकटीनं रांधलं. ह्या माणसाले पन्नास सालांत मिठाचा डबा सापडला न्हाई!"