उजवीकडचा किल्ला

अपोलोनियाचा नवरा फाइट नाण्यांचे ठसे कोरायला नदीच्या वरच्या अंगाच्या शहरात गेला, त्याला दोन वर्षं झाली. पहिल्या वर्षी निरोप यायचे, मग तेही थांबले. इकडे रेगेन्सबुर्गच्या विहिरीवर बायका म्हणायच्या, तिकडे एका विधवेने त्याला ठेवून घेतलंय. अपोलोनिया ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि मुलीला कडेवर घेऊन टाकसाळीत जायची. नाण्यांच्या चकत्या आंबट पाण्यात उकळून पांढऱ्याशुभ्र करायचं काम तिच्याकडे होतं.

एकदा वरच्या अंगाच्या त्याच शहराची नाणी वितळवायला आली. टाकसाळीचे म्हातारे मास्तर त्यांतला चांदीचा एक थालर बोटांत धरून हसत सुटले. त्या शहराचा किल्ला नदीच्या डाव्या हाताला, नाण्यावर तो उजव्या हाताला आला होता. ठसा उलटा कोरायचा असतो. कोरणाऱ्याने अक्षरं नीट उलटी कोरली आणि शहर तेवढं सुलटं ठेवलं.

अपोलोनियाने नाणं हातात घेतलं. खिडक्या तिळाएवढ्या, दोन-दोन ठोक्यांच्या. हात फाइटचाच. चूकही त्याचीच, दर ठशाला व्हायची. म्हणून तर पहिल्या चार रेघा ओढल्या की तो त्यावर मेण दाबून तिच्यापुढे धरायचा. ती म्हणायची, बाजू बदल. मग स्वारी संध्याकाळपर्यंत फुगून बसायची, सूपही गार होऊ द्यायची.

म्हणजे तिकडे मेण बघायला कुणी नव्हतं, विधवाही नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा तिला मोकळा श्वास घेता आला, आणि लगेच ती मास्तरांकडे वळली.

"मास्तर, आता त्याला काढून टाकतील?"

"एव्हाना काढलाही असेल, पोरी."

"मग घरी येईल ना?"

"फाइट? हे तोंड घेऊन? उपाशी मरेल, पण यायचा नाही."

ते तिलाही ठाऊक होतं. तिने विचारलं, मिठाच्या होड्या वर कधी निघतात. परवा, मास्तर म्हणाले, पण काठावरून घोडे ओढणार, आठवडा लागेल, आणि पोर लहान आहे. मग म्हणाले, नाणं हवं तर ठेव.

ठेवलं असतं. पण कुणी पाहिलं असतं, तर पुन्हा हसलं असतं. तिने ते स्वतःच मुशीत सोडलं. आधी भिंती गेल्या, मग नदी, मग त्या खिडक्या. मुलीला छातीशी धरून ती शेवटपर्यंत बघत राहिली. त्याचं ते फुगून बसणं तिला आत्ता, या क्षणी, हवं होतं.