सेंडाचा डावा पाय

फिलिपिन्समधल्या कालिबोच्या बाजारात सुकी मासळी विकणारी सेंडा नकला करण्यात पटाईत होती. पाद्रीबाबांचं शिंकणं, नगराध्यक्षांच्या बायकोचं हातपंख्याने वारा घेणं, सगळं तिला साधायचं. तिने नुसती मान वेळावली तरी अख्खी गल्ली हसायला तयार असायची.

सगळ्यात गाजलेली नक्कल मानोंग क्लारोची, म्हणजे क्लारोदादाची. क्लारो एके काळी बर्फाच्या लाद्या खांद्यावरून वाहणारा दांडगा गडी. अर्धांगाचा झटका आला आणि त्याची एक बाजू लुळी पडली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून तो रोज सकाळी गल्लीतून जायचा, पाऊल फरफटवत, हात पोटाशी दुमडलेला. तो पुढे गेला की सेंडा टोपल्यांमागून बाहेर यायची आणि तशीच त्याच्या मागोमाग निघायची. बायका तोंडावर हात दाबून हसायच्या. पुढे पुढे क्लारो गल्लीत दिसेनासा झाला. का, ते कुणीच विचारलं नाही. सेंडाने तर नाहीच.

मग एका सकाळी मासळी तोलता तोलता सेंडाच्याच हातातून तराजू निसटला. तो उचलायला ती वाकली, आणि तिला उठता आलं नाही.

जीव वाचला, वाचाही राहिली. पण डावी बाजू गेली. हात हळूहळू हलायला लागला. पायाचं मात्र जमेना. पाय उचलला की पंजा खाली लोंबायचा, बोटं जमिनीला अडकायची आणि ती पुढे कोलमडायची. सरकारी इस्पितळात व्यायामाला ये, पायाला आधाराचा ब्रेस बनवून देऊ, असं तिथल्या थेरपिस्ट बाईंनी सांगितलं. सेंडा एकदा गेली. व्यायामाच्या खोलीच्या दारातूनच तिला क्लारो दिसला. तिने मुलीला सांगितलं, पोटात कळ आलीय, घरी चल.

त्यानंतर दर खेपेला काही ना काही निघालं. कधी चक्कर, कधी रिक्षाच मिळाली नाही. मुलगी डेलिया चिडायची. आईला हे केल्याचं फळ वाटतंय, हे तिला कुठून कळणार? सेंडा भिंतीकडे तोंड करून पडून राही. गल्लीतलं ते हसू तिला आता वेगळंच ऐकू येई. शेवटी थेरपिस्ट बाई घरी आल्या, पाय हातात घेऊन पाहिला आणि म्हणाल्या की घोटा आखडायला लागलाय. अजून उशीर केलास तर ब्रेससुद्धा बसणार नाही.

तेव्हा ती गेली.

ब्रेस पांढऱ्या प्लास्टिकचा होता, पोटरीमागून उतरून तळव्याखाली वळणारा, तिच्याच पायाच्या मापाने घडवलेला. त्यावर बूट लागणार होते. सेंडाने जन्मभर सपातांवर दिवस काढलेले. मयतीला घालायचे काळे बूट डेलियाने पिशवीतून आणले होते. एका हाताने हे सगळं चढवायचं कसं, ते दाखवायला बाईंनी नेमकं क्लारोला बोलावलं आणि त्या दुसऱ्या पेशंटकडे गेल्या.

क्लारो तिच्या शेजारी बाकावर बसला. त्याचा ब्रेस तिच्यापेक्षा जाड होता, टाचेखाली उंच पाचर लावलेला. तो जपून, शब्द शोधत बोलायचा. आधी मोजा, चुणी राहता कामा नये. मग टाच पार मागे. मग घोट्यावरची पट्टी, पोटरीची नंतर. सेंडा खाली मान घालून तो सांगेल तसं करत गेली.

ती पट्टी आवळत असताना तो म्हणाला, "तू डावा पाय ओढायचीस. माझा उजवा आहे."

सेंडाचा हात तिथेच थांबला.

"तुम्हाला दिसत होतं, मानोंग?"

"गल्लीतल्या न्हाव्याच्या आरशात. सगळंच दिसायचं." तिची पट्टी तपासत तो म्हणाला, "मग मी बाहेर पडायचंच सोडलं. बायकोला सांगितलं, डॉक्टर आराम करा म्हणालेत. तेवढ्या दिवसांत घोटा आखडून टाच वर चढली. आता हा जाड ब्रेस."

तिने माफी मागायला तोंड उघडलं.

"आधी उभी राहा," क्लारो म्हणाला.

ती उभी राहिली. पंजा लोंबला नाही. कठड्याला धरून ती खोलीच्या टोकापर्यंत गेली, डेलिया रडायला लागली, आणि सेंडाला आनंद म्हणून झाला नाही.

रविवारी चर्चमधली मिसा आटोपल्यावर ती केळीच्या पानातला गोड भात, सुमान, घेऊन क्लारोच्या घरी गेली. त्याची बायको मानांग पुरिंग, म्हणजे पुरिंगताई, दारात होती, क्लारो आत खुर्चीत. बसायच्या आधीच सेंडाने सगळं ओकून टाकलं. नक्कल, गल्ली, आरसा, आणि डॉक्टरांनी आराम सांगितला नव्हता, तेही. सांगून झाल्यावर तिला हलकं वाटलं. मग तिने क्लारोकडे पाहिलं. तो कानापर्यंत लाल झाला होता. आपण काय केलं ते तिला तेव्हा कळलं. बायकोपासून त्याने जे एवढं झाकून ठेवलं होतं, ते तिने स्वतःचं ओझं उतरवायला उघडं पाडलं होतं.

पुरिंग दारातून आत आली. मग नवऱ्याला म्हणाली, "मी तुला आळशी म्हणत होते. रोज म्हणत होते." आणि सेंडाकडे वळून, "सुमान घेऊन जा तुझं. गोड खायला आलेली नाहीस तू इथे."

सेंडा निघाली. पुरिंग दारापर्यंत आली. "उद्या सकाळी तो बाजारातून चालणार. तूही चालशील. त्याच्या मागून नाही, बरोबर."

सकाळी दोघं गल्लीच्या तोंडाशी भेटले. क्लारोने मान हलवली आणि दोघं निघाले. ओल्या फरशीवर सेंडाचे काळे बूट चपचपत होते. भाजीवाली तासिंग तिला पाहून खुशीत ओरडली, "आली गं! आता तर नक्कल अगदी हुबेहूब होईल!" दोघी-तिघी हसल्या.

सेंडाचा चेहरा शरमेने पेटला. क्लारो तिच्या शेजारीच होता, समोर बघत. "नक्कल नाही ही," ती म्हणाली. आवाज हवा तेवढा मोठा निघाला नाही, म्हणून तिने पुन्हा म्हटलं. हसणं विरलं. तासिंग मुळ्यांच्या जुड्या उगाच सरळ करू लागली.

क्लारो पुढे निघाला होता. त्याची चाल मंद होती, तिची त्याहून मंद. त्याला गाठायला तिला सगळी गल्ली लागली, आणि तो थांबला नाही.