एकरंगी

रुडॉल्फने कोंबडा दोन्ही गुडघ्यांत दाबून धरला, त्याचा डावा पंख उजेडाकडे उलगडला आणि तो थिजला. काळ्याभोर पिसांच्या मुळाशी एक पांढरं पीस डोकावत होतं. जेमतेम करंगळीएवढं असेल, पण होतं.

दुपारच्या गाडीने कोंबडा बोरीबंदरला न्यायचा होता, उद्या तिथे कोंबड्यांचं प्रदर्शन. ठाण्याच्या या परसात नऊ वर्षं विलायती काळ्या कोंबड्यांची पैदास चालली होती, ती असा एक पक्षी निपजावा म्हणून. प्रदर्शन भरवणाऱ्या गोऱ्या साहेबाने दिलेला छापील कागद त्याने वाचून घेऊन पाठ केला होता: तुरा पाच दात्यांचा, कानाची पाळी पांढरी, अंगावर दुसऱ्या रंगाचं एक पीस नको. कागदात न बसणाऱ्या पिल्लाची मान तो स्वतः मुरगाळी. माणूस वाईट नव्हता; खोट मात्र त्याला बघवत नसे.

आणि यंदा पहिला नंबर आला, तर साहेब मुंबईच्या डोळ्यांच्या डॉक्टरला चिठ्ठी देणार होता. विनिफ्रेडसाठी, त्याच्या पोरीसाठी.

तीन वर्षांपूर्वी पोरीला देवी आल्या. त्याची बायको ज्युलियाना पाद्रीबाबाला चोरून, शेजारच्या हौसाबाईच्या सांगण्यावरून गावदेवीला नवस बोलली: पोर वाचू दे, एकरंगी काळा कोंबडा देईन. पोर वाचली. डोळ्यांवर तेवढा पांढरट पडदा राहिला होता. तो उतरेल असं वैद्य म्हणाला होता. तेव्हा परसात निखळ काळा कोंबडा एकच होता आणि त्याच्यावर पुढची सगळी पैदास अवलंबून होती. तो द्यायला रुडॉल्फचं मन होईना. त्याने दुसरा घेतला, त्याच्या पंखातलं पांढरं पीस उपटलं आणि तो पोरीच्या मांडीवर देऊन गावदेवीला नेला. महिन्याभरात उरलासुरला उजेडही गेला.

ज्युलियाना अजून पाद्रीबाबासमोर गुडघे टेकून तो नवस पाप म्हणून कबूल करते, पोरीचे डोळे आपल्यामुळे गेले म्हणते. रुडॉल्फ मूग गिळून बसतो. असं बसणं किती जड जातं, हे त्याचं त्याला माहीत.

त्याने आत पाहिलं. ज्युलियाना चुलीपाशी त्याच्या वाटेसाठी भाकऱ्या भाजत होती. त्याने पीस चिमटीत धरलं आणि हिसका दिला. कोंबडा ओरडला.

"पापा, काय झालं त्याला?" ओट्यावरून विनिफ्रेडने विचारलं.

"काही नाही. धरला जरा घट्ट."

ती भिंतीला हात लावत आली, शेजारी बसली. कोंबड्याच्या पाठीवरून तिचा हात फिरत पंखाखाली गेला आणि थांबला. बाहेर आला तेव्हा बोटाला रक्त लागलं होतं. तिने ते अंगठ्यावर चोळून पाहिलं.

"त्यालापण इथंच ओलं होतं," ती हळूच म्हणाली. "गावदेवीच्या."

रुडॉल्फने कोंबड्याचा पंख मिटला.

"मग तेव्हा बोलली का नाहीस, बाय?"

"तुला तो सगळा काळा ठेवायचा होता ना."

आतून ज्युलियानाने गाडीची वेळ झाल्याची हाक दिली. विनिफ्रेडने बोट झग्याला पुसलं, करंडी चाचपून जवळ ओढली आणि तिचं झाकण त्याच्यासाठी उघडून धरलं.