उजवीकडची पट्टी

नीट ऐका, कारण मला स्वतःलाच हे तीन दिवस नीट कळत नव्हतं.

आम्ही दोघं, म्हणजे मी आणि माझ्या वर्गातला ढापण्या, शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी जुन्या वस्तूंच्या खरेदीविक्रीचं अ‍ॅप करत होतो. शहरातल्या कुठल्याही कॉलेजच्या पोरांनी यावं, आपली जुनी पुस्तकं, सायकली, टेबलफॅन विकावेत. नाव नोंदवायला कॉलेजचा चालू ईमेल लागतो, त्यामुळे विद्यार्थी सोडून चिटपाखरूही आत शिरत नाही. आणि सौदा पक्का होईपर्यंत कोणालाच कोणाचं नाव दिसत नाही. हा नियम माझा. मुलीने खुर्ची विकायला काढली की खुर्ची राहते बाजूला आणि पोरं गप्पा मारायला येतात, म्हणून मी तो भांडून घालायला लावला. हा नियम एक दिवस आपल्याच अंगाशी येईल असं ढापण्या म्हणाला होता. पण त्याचं ऐकेन तर मी कसली.

अ‍ॅप नीट चालतंय का ते बघायला सुरुवातीला आम्ही घरातल्याच वीसेक वस्तू खोट्याखोट्या विकायला टाकल्या. मी इस्त्री टाकली, आईची घडीची खुर्ची टाकली आणि कपाटामागे उभा असलेला ताईचा ड्रॉइंग बोर्डही टाकला. अ‍ॅप सुरू करण्याआधी हे सगळं काढायचं ठरलं होतं. मला वाटलं ढापण्या काढेल, त्याला वाटलं मी काढेन, आणि ते भिजत घोंगडं तसंच राहिलं.

सोमवारी अ‍ॅप सुरू झालं आणि दिवसभरात एकच निरोप आला. बोर्ड अजून आहे का?

त्या बोर्डाबद्दल आमच्या घरात कोणी बोलत नाही. बाबा सुतारकाम करतात. ताई आर्किटेक्चरला गेली तेव्हा त्यांनी तो स्वतःच्या हाताने बनवला. दोन वर्षांपूर्वी, तिसऱ्या वर्षात, ताई नापास झाली. तिने ते सहा महिने लपवलं, आणि कळल्यावर बाबा बोलू नये ते बोलले. ताईने कॉलेज सोडलं आणि घरही. आता शहराच्या दुसऱ्या टोकाला मैत्रिणींबरोबर राहते, कुठल्याशा ऑफिसात काम करते, आईला फोन करते. बाबांचं नाव निघालं की फोन ठेवते. आणि बाबा दर रविवारी बोर्ड कपाटामागून काढतात, फडक्याने पुसतात, परत ठेवतात. मी तो विकायला टाकलाय हे कळलं असतं, तर त्यांनी आधी मलाच विकून टाकलं असतं.

मी घाईघाईने लिहिलं की विकायचा नाही, चुकून टाकलाय. मंगळवारी पुन्हा निरोप. त्याची पट्टी उजवीकडेच आहे ना?

आता हे काय? आडव्या रेघा मारायला ड्रॉइंग बोर्डाच्या कडेला टेकवून टी-स्क्वेअर सरकवतात, आणि सगळ्या जगाचा तो डाव्या कडेवरून सरकतो. ताई डावरी. म्हणून बाबांनी तिच्यासाठी उजव्या कडेला कठीण लाकडाची पट्टी बसवली होती. पण मी टाकलेल्या फोटोत ती कड दिसतच नव्हती. मी फोटो मोठा करून पाहिला, उलटा करून पाहिला.

मला वाटलं ढापण्याचाच चावटपणा. त्याने शपथा घेतल्या. खरं तर त्याने तो बोर्ड एकदाच पाहिला होता आणि त्याला ते इस्त्रीचं टेबल वाटलं होतं. मी म्हटलं, तुला आतून नाव बघता येतं ना, बघ. तर म्हणे, नियम तुझाच आहे. मेला नेमका तेव्हाच तत्त्वाचा झाला. आईला विचारलं, बोर्डाची पट्टी बाहेरच्या कोणाला माहीत आहे का, तर तिने मलाच ताप आलाय का बघितलं. ताईचं नाव मनात आलं नाही असं नाही. पण ताई विद्यार्थी नव्हती, आणि आमच्या अ‍ॅपमध्ये विद्यार्थ्यांशिवाय कोणी येऊच शकत नव्हतं. हिशेब काही केल्या जुळेना.

बुधवारी तिसरा निरोप आला. मालकांनी स्वतः विकायला सांगितलाय का? खरं सांगा.

डोकं बंद पडलं. शेवटी मी बाबांच्या कामाच्या खोलीत गेले आणि सगळं ओकून टाकलं. ते रंधा मारत होते. मला वाटलं आता उडणार भडका. मी विचारलं, असा बोर्ड तुम्ही आणखी कोणाला करून दिला होता का?

"उजवीकडे पट्टी मी आयुष्यात एकदाच बसवलीय," बाबा म्हणाले.

त्यांनी हात पुसले, फोन मागितला आणि तिसरा निरोप पुन्हा पुन्हा वाचला. मग मला लिहायला सांगितलं की मालकांनी विकायला सांगितलेला नाही, पण ज्याचा आहे त्याने घेऊन जावा. मी लिहिलं आणि 'पक्का' दाबलं. बऱ्याच वेळाने पलीकडूनही 'पक्का' आलं. मग नाव उघडलं.

ताईचं नाव. खाली तिचंच जुनं कॉलेज. त्याखाली, तिसरं वर्ष.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. मी फोनकडे बघतच राहिले. आईलासुद्धा पत्ता लागू दिला नव्हता तिने.

"हे जुनं असेल," बाबा म्हणाले.

मी म्हटलं, जुना ईमेल आमचं अ‍ॅप घेतच नाही. ती परत कॉलेजात जातेय, बाबा.

ते लाकडाच्या ढिगावरच बसले. आधी मला वाटलं ते खूश झालेत. मग ते म्हणाले, "म्हणजे तीन दिवस तिला वाटत होतं की मी तिचा बोर्ड विकायला काढला."

मला रडू आलं. माझ्याच आळसाने झालं होतं ते. सॉरी म्हणावं तर कोणाला आधी म्हणावं तेही सुचेना. तेवढ्यात फोन वाजला. ताईचा निरोप होता. रविवारी येऊन नेते. बाबा घरी असतील का?

मी तो मोठ्याने वाचला. बाबा उठले, फळीवरचं फडकं शोधायला लागले. ते त्यांच्या खांद्यावरच होतं.

"लिही," ते पाठमोरेच म्हणाले, "कुठे जाणारेत ते."