उंचीचं दुखणं

उंच डोंगरांत वसलेल्या ला पाझला येणाऱ्या आपल्या यहुदी पाहुण्यांना मी नेहमी त्याच गोष्टी सांगते. आल्या आल्या हिंडू नका, कोकाच्या पानांचा चहा प्या, डोकं दुखलं तर पडून राहा. शब्बातच्या, म्हणजे आपल्या शनिवारच्या विसाव्याच्या दिवसाच्या, रश्श्यासाठी घेवडा आधीच भिजवा, कारण इतक्या उंचीवर पाणी लवकर उकळतं, पण त्यात शिजत मात्र काही नाही. आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवल्यामुळे हे शेवटचं मी जरा जास्तच समजावते.

ब्वेनोस आयरेसचे यैर आणि त्याची बायको मिखाल माझ्या ओळखीने जवळच्याच एका लहान फ्लॅटमध्ये उतरले होते. शनिवारी दुपारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. यैरने दार उघडलं तेव्हा त्याचे डोळे तारवटलेले होते. इथल्या रीतीने तो मला 'दोन्या', म्हणजे बाई, म्हणायचा.

"या, दोन्या हिल्डा. तुमच्या गावानं बायकोला आडवं केलंय."

"उलट्या?"

"सकाळपासून. चहा पाजला, पडून राहा म्हटलं. तुमचंच औषध."

"आणि तू?"

"डोकं फुटतंय. पण मी कुणाला सांगत नाही."

"मला सांगितलंस की."

तो हसला आणि भिंतीला टेकला.

शब्बात लागला की विस्तव पेटवायचा नाही आणि विझवायचाही नाही. म्हणून शुक्रवारी सूर्यास्ताआधी लावलेली शेगडी अजून जळत होती. वर पत्रा, पत्र्यावर पातेलं. खिडक्यांच्या फटींत टॉवेल कोंबलेले.

"थंडी काय ती," तो म्हणाला. "आणि घेवडा शिजेना, म्हणून ज्योत मोठी ठेवली. बघा, कसा मऊ झालाय."

मऊ झाला होता. मी जेवू लागले. थोड्या वेळाने माझी कानशिलं जड झाली, चमचा हातात जड वाटला. डोकं दुखतंय, असं मनात आलं आणि मी थांबले. मी या शहरात जन्मले आहे. उंचीने माझं डोकं कधीच दुखलेलं नाही.

वाकून पाहिलं. पत्र्याखालची ज्योत निळीऐवजी पिवळी होती. पत्रा काजळीने माखलेला.

"यैर, खिडक्या उघड. गॅस बंद करायचाय."

तो माझ्या आणि शेगडीच्या मध्ये येऊन उभा राहिला. "आज शब्बात आहे," तो म्हणाला. रागाने नाही, विसरलेल्या माणसाला आठवण करून द्यावी तसा.

"हे उंचीचं दुखणं नाही. शेगडीतून विषारी वायू येतोय. त्याला ना रंग, ना वास. मिखाल त्यातच झोपलीय."

त्याने ऐकलं. मान डोलावली. "मग खालच्या रखवालदार रुफिनोला आणतो. तो काही यहुदी नाही, तो बंद करेल."

आणि तो खरंच गेला. शब्बात म्हणून लिफ्टनेही नाही, जिन्याने. कठड्याला धरत एकेक पायरी उतरल्याचा आवाज मला ऐकू येत होता. जीव वाचवायला शब्बात मोडावाच लागतो, थांबून विचारत बसणं हेच पाप, हे आपल्यात पोरासोरांनाही ठाऊक असतं. यैरलाही ठाऊक होतं. पण हा वायू आधी विचारच मंद करतो.

मी सिलिंडरची कळ फिरवली, टॉवेल ओढून काढले, खिडक्या उघडल्या. आतल्या खोलीत मिखालला हाक मारली. ती हलली नाही. काखेत हात घालून तिला पलंगावरून खाली घेतलं आणि फरशीवरून ओढत बाहेर जिन्यापाशी नेलं. शेजारणीचं दार ठोठावून अँब्युलन्स बोलवायला सांगितलं. मी तिथेच बसले, तिचं डोकं मांडीवर घेऊन. बऱ्याच वेळाने ती खोकली, मग ओकली. इतकं बरं मला कशानेच वाटलं नव्हतं.

यैर रुफिनोला घेऊन वर आला. रुफिनो टोपी काढून सरळ स्वयंपाकघरात गेला.

"दोन्या," त्याने आतून विचारलं, "मी नक्की काय बंद करायचंय?"

यैर बायकोकडे पाहत उभा होता. बाहेरच्या हवेत त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. त्याला आता सगळं उमजत होतं.

मिखालने डोळे उघडले. "तू कुठे होतास?" तिने विचारलं.

तो पायरीवर बसला, आणि बसूनच राहिला.