तिसऱ्यांदा विचारायचे राहिले

मी एक जुनी निळी गाडी आहे. निळी म्हणायचे ते वरच्या अंगाने. दारांच्या खालच्या कडा गंजाने तांबूस झाल्या आहेत. अमेरिकेतल्या आमच्या मिनेसोटात हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते मीठ आम्हा गाड्यांना खालून पोखरते.

मित्रांनो, कारखान्यातला जन्म मला फारसा आठवत नाही. ठिणग्या आणि ओल्या रंगाचा वास, एवढेच. ऑर्विल आणि आर्लिसबाई या जोडप्याने मला घरी आणले आणि माझे सुखाचे दिवस सुरू झाले. ऑर्विल दर शनिवारी माझ्या पोटाखाली फवारा मारून मीठ धुऊन काढायचे. कडाक्याच्या थंडीत माझ्या नाकाशी लोंबणारी वायर भिंतीतल्या प्लगला जोडायचे, म्हणजे इंजिन उबदार राही. इतके लाड पोटच्या पोराचेही होत नसतील. तळे गोठले की आम्ही थेट बर्फावर जायचो. ऑर्विल बर्फाला भोक पाडून मासे धरत बसायचे आणि मी खाली खोल पाणी आहे हे विसरायचा प्रयत्न करत उभी राहायचे. चर्चमध्ये जेवण असले की आर्लिसबाई बटाट्याचे गरम भांडे मागच्या सीटवर ठेवून त्याला पट्टा बांधत. भांड्याला पट्टा बांधणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही.

पुढे ऑर्विल वारले. आर्लिसबाई एकट्याच मला चालवू लागल्या. मग त्यांची नजर अधू झाली. एकदा आम्ही शेजाऱ्यांच्या टपालपेटीवर आदळलो, तर बाईंनी उतरून पेटीचीच माफी मागितली. घरी आल्यावर मात्र त्यांनी किल्ली खुंटीला टांगली ती कायमची. मी अंगणात पडून राहिले. चाकांतली हवा उतरली, काचेवर पाने साचली. काम नसले की दिवस संपता संपत नाही, मित्रांनो.

समोरच्या घरात केल्सी नावाची मुलगी राहायची. शेजारच्या गावातल्या वृद्धाश्रमात ती सकाळच्या पाळीला कामाला होती. तिच्याकडे गाडी नव्हती आणि त्या वाटेला बस नव्हती. एक मैत्रीण तिला घेऊन जाई, पण ती मैत्रीण हिवाळ्याआधी दुसरीकडे राहायला जाणार होती. गाडी मिळाली नाही तर केल्सीची नोकरी जाणार, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होते. बोलत नव्हती ती फक्त केल्सी.

आमच्याकडच्या लोकांची एक गंमत आहे. कॉफी घेता का विचारले की पहिल्यांदा नको म्हणायचे, दुसऱ्यांदा नको म्हणायचे आणि तिसऱ्यांदा 'बरं, अर्धाच कप' म्हणून घ्यायची. पहिल्याच वेळी हो म्हणणारा हावरट ठरतो. कॉफीपुरते हे ठीक आहे हो, पण इथे प्रश्न गाडीचा होता!

एका सकाळी आर्लिसबाईंनी तिला हाक मारली. "केल्सी, घेऊन जा बाई ही गाडी. नुसती उभी राहून सडतेय."

"छे हो आर्लिस, अशी कशी घेऊ? तुमच्या भाच्याला द्या."

आठवड्याने चर्चच्या दारात बाईंनी पुन्हा विचारले. केल्सी पुन्हा नको म्हणाली, असे बाईंनी घरी येऊन फोनवर मैत्रिणीला सांगितले. खिडकी उघडी होती, मी सगळे ऐकले. अगं, घे की! पण हॉर्न असून काय उपयोग, तो वाजवायला माणूस लागतो.

लगेच तिसऱ्यांदा विचारणे बरे दिसले नसते, म्हणून बाई थोड्या थांबल्या. तेवढ्यात त्यांचा भाचा डेल शहरातून आला. मनाने चांगला, पण घाईचा. मुलगी दोनदा नको म्हणाली म्हणजे तिला नकोच असणार, असे त्याने ठरवून टाकले. शहरात राहून बिचारा घरची रीत विसरला होता. जुन्या गाड्या दान घेणाऱ्या संस्थेला त्याने फोन केला आणि दोन दिवसांत ट्रक येऊन मला ओढून घेऊन गेला. समोरच्या खिडकीत केल्सी उभी होती. मला फार वाईट वाटले, हे मी लपवत नाही.

त्या संस्थेच्या गॅरेजात निवृत्त मेकॅनिक जमत. दान आलेल्या गाड्या दुरुस्त करून ते गरजू कामकऱ्यांना देत. वेंडेल नावाच्या म्हाताऱ्याने मला शिव्या देत देत नवे ब्रेक बसवले, बॅटरी बदलली, गंजलेली भोके बुजवली. कुणी आपल्यासाठी इतके खपते आहे, यानेच मी निम्मी बरी झाले. त्यांच्या बोलण्यातून मला कळले की माझ्यावर पहिला हक्क एका मुलीचा होता. तिने उन्हाळ्यातच संस्थेत नाव दिले होते, पण तेव्हापासून एकही गाडी दानात आली नव्हती.

शनिवारी ती मुलगी आली. केल्सी! मला पाहून ती जागीच थबकली. मग तिने माझ्या बॉनेटवर हात ठेवला आणि सवयीने म्हणाली, "माझ्यापेक्षा जास्त गरज कुणाला असेल तर..."

वेंडेल हात पुसत म्हणाला, "आर्लिसला दोनदा नाही म्हणून झालंय ना तुझं? गावभर झालंय ते. हे तिसऱ्यांदा समज आणि धर किल्ली."

केल्सी रडता रडता हसली आणि तिने किल्ली घेतली.

आम्ही आधी आर्लिसबाईंकडेच गेलो. इंजिनाच्या आवाजावरून त्यांनी मला ओळखले आणि धावतच पायरीवर आल्या. केल्सीने त्यांना चर्चमधल्या जेवणाला चला म्हटले. बाईंनी 'नको गं, तुला कशाला त्रास' म्हणायला तोंड उघडले, क्षणभर थांबल्या आणि तशाच येऊन शेजारच्या सीटवर बसल्या. त्या दिवशी मी वाटभर नव्या गाडीसारखी पळाले.

मित्रांनो, तुमच्या दारातही माझ्यासारखी एखादी पडून असेल. तिच्यावरची पाने झाडा, चाकांत हवा भरा आणि जिची वाट अडली आहे तिला ती देऊन टाका. ती नको म्हणाली, तर माझ्यासाठी म्हणून तिला आणखी एकदा विचारा.